पाटकरी पाणी प्याला का?

मागच्या उन्हाळ्यात माझ्या दुकानाच्या बाकावर जे भांडण झालं, ते एका सिनेमातल्या माणसानं पाणी प्यायलं की नाही यावरून झालं. बाहेरच्या माणसाला हे ऐकून हसू येईल. येऊ दे. पण हसण्याआधी त्यानं पुढचं ऐकून घ्यावं.

माझं दुकान लोणखेड्यात, शहाद्याच्या रस्त्याला. शेतातल्या जळालेल्या मोटारी रिवायंड करतो, म्हणजे आतली जळकी तार काढायची आणि नवी भरायची. मोटार घेऊन येणारा प्रत्येक शेतकरी पहिल्यांदा हेच सांगतो, की काही केलं नव्हतं, आपोआप जळली. आपोआप काही जळत नाही, तुम्हाला सांगतो. कुणीतरी काहीतरी केलेलं असतं. तीस वर्षं हे ऐकून ऐकून माझा स्वभाव असा झालाय की कुणी चहा पुढे केला तरी मी आधी विचार करतो, याचं काय अडलंय? बायको म्हणते, हा धंद्याचा गुण नाही, हा उपजत आहे. असेल बाबा.

बाकावर दुपारी दोघं ठरलेले. एक निवृत्त गुरुजी. त्यांनी आयुष्यभर पाचवी-सहावीला मराठी शिकवलं आणि आता शिकवायला कुणी उरलं नाही म्हणून आम्हाला शिकवतात. दुसरे तापीकाठचे गुजर काका. त्यांची केळीची बाग मुलं बघतात, आणि ती कशी चुकीची बघतात हे सांगायला ते आमच्याकडे येतात. तिसरा मी, हातात तार आणि कान त्यांच्याकडे. बोलणं सगळं आमच्या अहिराणीत. गुरुजी रागावले की तेवढे पुस्तकी मराठीवर जायचे, म्हणून त्यांचा राग लगेच कळायचा.

त्या उन्हाळ्याच्या चार वर्षं आधी आपल्या जिल्ह्यातल्याच काही पोरांनी अहिराणीत एक सिनेमा काढला. थिएटर वगैरे काही नाही, सरळ मोबाईलवर. त्याचा हिरो पाटकरी होता. पाटकरी म्हणजे पाटाचं पाणी पाळीपाळीनं ज्याच्या त्याच्या शेतात सोडणारा माणूस. हा पाटकरी असा, की पाटलाच्या शेतात घटकाभर जास्त पाणी सोडणार नाही आणि गरिबाच्या शेतात घटकाभर कमी नाही. त्याचा सख्खा भाऊच बांध फोडून पाणी चोरतो आणि भर चावडीवर खोटी शपथ घेतो. तेव्हा हा ओरडत नाही, मारत नाही. खांद्यावरचा टॉवेल झटकतो आणि म्हणतो, "आजपाईन तुन्हा घरनं पानी माले बंद."

झालं. ते वाक्य रिक्षांच्या मागे आलं, पोरांच्या मोबाईलच्या स्टेटसला आलं, कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल एकमेकांना म्हणायला लागले. गुरुजींनी तो सिनेमा नऊ वेळा पाहिला. गुजर काकांनी मोजलं नाही. आणि मी? मी दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून रडलो, खोटं कशाला बोलू. कारण हेच वाक्य मी माझ्या थोरल्या भावाला त्या सिनेमाच्या सात वर्षं आधी म्हटलेलं होतं.

पाणी बंद करणं म्हणजे काय, हे सांगायला हवं. आमच्याकडे भाऊबंदांत बिनसलं की बोलणं तोडत नाहीत. बोलणं तुटलं तर उद्या तिरडीला खांदा कसा द्यायचा? एका ओट्यावर बसतील, पाऊसपाण्याचं विचारतील, पण त्याच्या घरचा पाण्याचा थेंब तोंडात घेणार नाहीत. पाणी नाही म्हणजे चहा नाही, जेवण नाही, म्हणजे लग्नकार्य नाही. आणि ते उघडायचं तर ज्याची चूक त्यानं कुणा मोठ्या माणसाला बरोबर घेऊन यायचं, चुकलो म्हणायचं आणि स्वतःच्या हातानं पाणी द्यायचं. त्याशिवाय उघडत नाही. पाटकऱ्याचं पाणी याच नियमानं बंद होतं, आणि माझंही.

आमचं भांडण मोटारीचं. मळ्यातली विहीर दोघांत सामाईक, पाणी पाळीनं. मोटार जळाली, मी ती माझ्या हातानं भरून दिली, आणि चौथ्या दिवशी भावाच्या पाळीत ती पुन्हा जळाली. ऐन उन्हाळ्यात त्याची मिरची उभ्या उभ्या वाळली. तो गावाच्या पारावर आला आणि चारचौघांत मला म्हणाला, "मोटार तूच जाळी." म्हणजे मुद्दाम. म्हणजे माझं पीक हिरवं राहावं आणि त्याचं वाळावं म्हणून. एका रिवायंडिंगवाल्याला, सख्ख्या भावाला, हे म्हणायचं! मी तिथंच पाणी बंद केलं आणि बायकोला घेऊन लोणखेड्याला आलो. मागच्या उन्हाळ्यापर्यंत त्याला अकरा वर्षं झाली.

त्या अकरा वर्षांत माझी पुतणी मोठी झाली. तिला सायकल मी शिकवलेली, भावानं नाही. सीट धरून शेतरस्त्यानं मी धावायचो आणि ती मागं वळून बघायची, की काकानं सोडलं तर नाही ना. तिचं लग्न ठरलं मागच्या उन्हाळ्यात, आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, तिच्यानंतरच्या पहिल्या तिथीला. पत्रिका आली पोस्टानं. भाऊ स्वतः आला नाही. आणि पत्रिकेत खाली, निमंत्रकांच्या यादीत, माझं नाव छापलेलं. मला न विचारता! मी ती पत्रिका टेबलावर आपटली. बायकोनं उचलली, देवीच्या फोटोमागे ठेवली आणि म्हणाली, पोरीचा दोनदा फोन आला होता. काका येणार का, एवढंच विचारत होती.

मी म्हटलं, पाणी बंद असताना काका येऊन काय करणार, उपाशी उभा राहणार? तिनं चुलीवर तवा ठेवला. ती गप्प बसली की मला जास्त संशय येतो.

आणि बरोबर त्याच आठवड्यात सिनेमाचा दुसरा भाग आला.

दुसऱ्या भागात पाटकऱ्याचे केस पिकलेत. भावाच्या मुलीचं लग्न ठरतं. भाऊ माफी मागत नाही, मोठ्या माणसाला आणत नाही, काही नाही. आणि पाटकरी आपला उठतो, भर दुपारी भावाच्या मळ्यातल्या घरी जातो, ओट्यावर बसतो, पोरगी पाणी आणते आणि हा तांब्या उचलून वरून गटागटा पाणी पितो. पुढच्या दृश्यात लग्नाचा मांडव. सनई. संपलं.

गुरुजी दुसऱ्या दिवशी बाकावर आले ते पुस्तकी मराठी बोलतच आले. "ही फसवणूक आहे," म्हणाले. त्यांचं म्हणणं असं, की पहिल्या भागात पाटकऱ्याचा स्वभाव एकदा घडला, आता लेखकाच्या बापालाही तो बदलता येणार नाही. जो माणूस पाटलापुढे वाकला नाही, तो चोरापुढे वाकेल? मग शेवटी अहिराणीवर उतरले आणि हळूच म्हणाले, "हाऊ तो पाटकरी नहीच." त्यांना संशय होता की लेखक बदललाय. सुरतेकडच्या, पैसे लावणाऱ्या कुणीतरी सांगितलं असेल, की घरच्या बायामाणसांना चालेल असा गोड शेवट करा.

गुजर काकांचं उलट. ते म्हणाले, केळीचं झाडसुद्धा घड धरलं की वाकतं, तिथं हा तर माणूस. पुतणीच्या लग्नापायी त्यानं राग गिळला, त्यात काय बिघडलं? मग त्यांचं आणि गुरुजींचं इतकं जुंपलं की मोटार न्यायला आलेला धानोऱ्याचा एक माणूस उभ्या उभ्या तासभर ऐकत राहिला आणि जाताना मोटार विसरून गेला.

मी काय म्हणत होतो? मी गुरुजींच्या बाजूनं. नुसता बाजूनं नाही, दोन पावलं पुढे. कारण मला त्या सिनेमात दुसरंच काही दिसलं होतं आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नव्हतं. पाटकरी ज्या ओट्यावर बसतो, तो ओटा माझ्या भावाच्या मळ्यातल्या घराचा होता. निंब तोच, पत्र्याचा उतार तोच. आणि तो पाणी पितो तो पितळी तांब्या आमच्या आईचा. त्याच्या पोटाला पोचा पडलाय, तो पोचा मीच पाडलाय. लहानपणी मी तो तांब्या भावाला फेकून मारला होता, तो खाली वाकला आणि तांब्या जात्यावर आदळला. आख्ख्या खान्देशात तसा पोचा दुसरा नसेल.

आता तुम्हीच सांगा. ओटा भावाचा, तांब्या आईचा, पुतणीचं लग्न आमच्याकडेही, सिनेमातही. आणि पत्रिका व सिनेमा एकाच आठवड्यात. हे सगळं आपोआप? म्हटलं ना, आपोआप काही होत नाही. माझ्या डोक्यात पक्कं बसलं की भावानं त्या पोरांना जागा दिली, वर चहापाणी केलं आणि गोष्टच फिरवून घेतली. माफी मागायला तोंड नाही म्हणून सिनेमातून निरोप धाडला: बघ, तुझा पाटकरी आला, तूही ये.

मी हे बाकावर सांगितलं. गुजर काका हसले नाहीत, पण त्यांच्या मिशा हलल्या. म्हणाले, तुझ्यासाठी एवढा सिनेमा काढायला तू काय कलेक्टर लागून गेलास? गुरुजींना मात्र पटलं. त्यांना लेखकाविरुद्ध काहीही पटत होतं.

मग गुरुजींनीच ती घाटीची गोष्ट काढली. त्यांनी मोबाईलवर ते दृश्य थांबवून थांबवून पाहिलं होतं. पाणी पिताना माणसाच्या गळ्याची घाटी वरखाली होते. ती होत नसेल तर पाणी तोंडात आहे, पोटात गेलेलं नाही. आणि तोंडातलं पाणी थुंकता येतं. म्हणजे पाटकऱ्यानं पुतणीचं मन राखायला तांब्या तोंडाला लावला, पण गिळलं नाही. बाहेर जाऊन चूळ टाकली असेल, ती दाखवली नसेल. असं असेल तर तो आपलाच पाटकरी!

आता तीन बाप्ये भर दुपारी एका मोबाईलवर डोकी घालून एका माणसाच्या गळ्याकडे बघतायत, हे दृश्य काय असेल विचार करा. नेमकं तिथंच त्याच्या दाढीची सावली पडलेली. गुजर काका म्हणत हलली, गुरुजी म्हणत सावली हलली. अकरा वेळा मागं घेतलं. पाटकऱ्याचं काम करणारा नट अक्कलकुव्याच्या बाजारात भांड्यांचं दुकान मांडतो, त्याला गुजर काकांनी केळीच्या गाडीबरोबर जाऊन विचारूनसुद्धा पाहिलं. तो म्हणाला, सिनेमा बघा. म्हणजे बघा, तोही लपवतोय!

मी तिसऱ्यांदा बघत होतो तेव्हा मला घाटी दिसली नाही. मला दिसला पाटकऱ्याच्या मागच्या भिंतीवरचा स्टार्टर. त्याच्या खटक्याला सुतळी बांधलेली.

सांगितल्याशिवाय कुणाला कळणार नाही, म्हणून सांगतो. विजेचा दाब कमी झाला की मोटार जळू नये म्हणून स्टार्टर आपोआप खटका पाडतो आणि मोटार बंद होते. शेतकऱ्याला घाई असते, तो खटका सुतळीनं बांधून टाकतो. मग मोटार बंद होत नाही, जळते. अकरा वर्षं मी मनात हेच म्हणत होतो की भावानं त्या दिवशी खटका बांधला असणार. आणि आज तो बांधलेला खटका सिनेमात, सगळ्या जगाला दिसेल असा! मी त्या दोघांना काही बोललो नाही. मोबाईल गुरुजींना परत दिला.

का बोललो नाही? चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय. कारण मलाही एक गोष्ट माहीत होती जी मी कुणालाच सांगितली नव्हती. मोटारीची तार भरली की वर वार्निश ओततात, आणि ते पुरतं वाळल्याशिवाय मोटार द्यायची नसते. त्या वेळी भावाची घाई होती, आणि मला दुसऱ्या दिवशी सासरच्या गावी जत्रेला जायचं होतं. मी बोट लावून पाहिलं. बोट चिकटलं. तरी मोटार देऊन टाकली. मुद्दाम नाही जाळली, देवाशपथ. पण ओली दिली. बायको तेव्हा दारात उभी होती आणि तिनं माझं चिकटलेलं बोट पाहिलं होतं. अकरा वर्षांत तिनं ते एकदाही बोलून दाखवलं नाही, याचा मला जेवढा राग येतो तेवढा कशाचा येत नाही.

शेवटी गुरुजी म्हणाले, शूटिंगच्या वेळी ओट्यावर कोण होतं? ज्याचं घर तो असणारच. त्यानं डोळ्यांनी पाहिलं असणार. आणि दोघं माझ्याकडे बघायला लागले. "तुन्हा भाऊना ओटा शे," गुरुजी म्हणाले. "जाय, इचारी ये."

मी दोन दिवस नाही म्हटलं. लग्न पाच दिवसांवर आलं. तिसऱ्या दिवशी म्हटलं, जातो. पण कान उघडे ठेवून ऐका, म्हटलं, मी लग्नाच्या बोलाचालीला जात नाही. मी फक्त पाटकऱ्याचं विचारायला जातो. गुजर काकांनी मान हलवली आणि ती जरा जास्तच हलवली. ताकाला जाऊन भांडं लपवणं म्हणतात ते हेच, हे मला तेव्हाही कळत होतं. पण माझ्या मनात लग्न नव्हतं, खरंच. माझ्या मनात ती सुतळी होती. डोळ्यांनी बघून यायची आणि भावाच्या तोंडावर मारायची.

घरून निघालो ते अकराच्या उन्हात. मोटारसायकलवर तासाभराचा रस्ता, आणि आमच्याकडचं वैशाखातलं ऊन म्हणजे तव्यावर चालल्यासारखं. अर्ध्या वाटेत निंबाखाली थांबलो आणि पिशवीत हात घातला. पाण्याची बाटली नव्हती. लग्न झाल्यापासून मी कुठंही निघालो की बायको न विसरता बाटली भरून पिशवीत घालते. मी म्हटलं, विसरली असेल. त्या दिवशी मला एवढा साधा संशय आला नाही, हे मला अजून खरं वाटत नाही. वाटेत पाणपोई होती, तिचा माठ कोरडा ठाक.

मळ्यात पोचलो तेव्हा जीभ टाळूला चिकटली होती. भाऊ ओट्यावर मांडवाचे बांबू मोजत बसला होता. केस पार पांढरे. मला बघून उठला नाही, बस म्हणाला नाही, फक्त बाजूची घोंगडी सरकवली. मी बसलो. पहिली नजर भिंतीवर टाकली. स्टार्टर होता. सुतळी होती. माझं समाधान झालं.

आतून पुतणी आली. हळदीआधीच पिवळी दिसत होती. "काका, ऊनमाईन उनात," उन्हातून आलात, एवढंच म्हणाली आणि आत गेली. आली ती तांब्या घेऊन. पोच्याचा तांब्या. माझ्यापुढे ठेवला, कुणीही घरी आला की ठेवतात तसा, आणि दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. मी तांब्याकडे बघितलं नाही. पाव्हण्यापुढे पाणी ठेवायचंच असतं, पाणी बंद असलं तरी. ठेवणं त्यांचं काम, न पिणं माझं.

मी थेट विषयाला हात घातला. म्हटलं, सिनेमावाल्यांना तू काय काय सांगितलंस? त्यानं सांगितलं, मी काही नाही सांगितलं. त्यांना निंब आणि ओटा असलेलं मळ्यातलं घर पाहिजे होतं, गावात चार घरं पाहिली, हे आवडलं. तांब्या त्यांच्यातल्या एका बाईनं चुलीजवळून उचलला. मी म्हटलं, आणि पुतणीचं लग्न? तो म्हणाला, शूटिंग झालं तेव्हा पोरीला बघायलाही कुणी आलं नव्हतं. मी म्हटलं, मला काय दुधखुळा समजतोस? तो म्हणाला, नाही, दुधखुळा नाही, संशयी समजतो, बापासारखा. मग माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, संशयी कोण? पारावर कोण बोललं? तोही चढला. आम्ही दोघं अकरा वर्षांचं पाच मिनिटांत बोललो.

मग मी मुद्द्यावर आलो. म्हटलं, ते सगळं राहू दे, मला एकच सांग. त्या नटानं पाणी गिळलं की तोंडात धरलं?

भाऊ एकदम हसला. किती वर्षांनी पाहिलं मी ते हसू, मधला दात पडलेला. सांगायला लागला. नट सकाळपासून पाणी तोंडात घेऊन चूळ टाकत होता. सिनेमावाले म्हणत, गिळ, खोटं वाटतं. तो म्हणे, पाटकरी गिळणार नाही, मला त्याचा स्वभाव ठाऊक आहे. यावरून त्यांचंसुद्धा भांडण लागलं, आमच्या बाकावर लागलं तसंच. दुपार झाली. सगळे घामानं निथळले. मी म्हटलं, मग? मी अगदी पुढे सरकून ऐकत होतो. मग, भाऊ म्हणाला, एकदा कॅमेरा चालू झाला आणि त्यानं तांब्या उचलला. कोण पाटकरी, कुठला भाऊ, काही ध्यानात राहिलं नाही त्याच्या. "त्याले तहान लागेल व्हती," भाऊ म्हणाला. "बस."

मी म्हटलं, हे काही खरं वाटत नाही. तहान लागली म्हणून माणूस आपला शब्द विसरेल? मी तोंड पुसलं आणि पुढं बोलायला लागलो. गुरुजींचं म्हणणं सांगितलं, सावलीचं सांगितलं, अकरा वेळा मागं घेतल्याचं सांगितलं.

भाऊ माझ्याकडे बघत होता. पुतणी चौकटीला टेकलेली, तिनं पदराचा बोळा तोंडात धरला होता.

"घाटी हालनी," भाऊ म्हणाला.

"कोनी?"

"तुन्ही."

मी खाली बघितलं. तांब्या माझ्या हातात होता. रिकामा. शर्टाच्या पुढच्या बाजूवर पाणी सांडलेलं.

तुम्हाला सांगतो, तो क्षण कसा होता ते मला अजून नीट सांगता येत नाही. चूळ टाकायला तोंडात काही उरलं नव्हतं. अकरा वर्षांचं वैर मी बोलता बोलता पिऊन टाकलं होतं, आणि चव म्हणाल तर, पाणी गोड होतं. आमच्या विहिरीचं गोडच आहे. मला रडू आलं. मी ते लपवलं नाही, लपवून काय उपयोग, पोरगी आधीच रडत होती.

मग मी ते बोललो. कुणी विचारलं नव्हतं. म्हटलं, "ती मोटार. वार्निश वल्लं व्हतं. मी घाई कयी."

भाऊ बांबू हातात फिरवत बसला. मग त्यानं माझी नजर कुठं जातेय ते पाहिलं. उठला, भिंतीपाशी गेला आणि खटक्याची सुतळी सोडायला लागला. गाठ जुनी, घट्ट बसलेली. नखानं सुटेना. शेवटी दातानं सोडवली. ती खिशात घातली आणि परत येऊन बसला. "आखो पानी आन काकाले," तो पोरीला म्हणाला.

दुसऱ्या दिवशी बाकावर दोघं माझ्या आधी येऊन बसलेले. मी सांगितलं, पाटकरी पाणी प्याला. गिळलं. घाटी हलली. गुरुजींनी माझ्याकडे चष्म्यावरून पाहिलं. तुला कुणी सांगितलं, भावानं? आणि तू मानलंस? मी म्हटलं, मानलं. मग त्यांनी विचारलं, तू तिथं पाणी प्यालास का? मी तारेचं बंडल उलगडत राहिलो.

मग काय, सिनेमा गेला बाजूला. गुरुजींचं म्हणणं पडलं की हा असा नव्हता, याला कुणीतरी फितवलंय. माफी नाही, मोठा माणूस नाही, नियमानं काहीच झालं नाही, मग हा प्यालाच कसा? गुजर काका म्हणाले, अरे, माणूस आहे तो. गुरुजी म्हणाले, मी याला अकरा वर्षं ओळखतो, याचा स्वभाव मला ठाऊक आहे. दोघं माझ्यासमोर बसून माझ्याबद्दल असे भांडले जसं काही मी तिथं नव्हतोच. मी मधे पडलो नाही. मोटारीवर वार्निश ओतलं आणि न्यायला आलेल्याला सांगितलं, परवा या.

घरी बायकोला विचारलं, बाटली का दिली नाहीस त्या दिवशी? "विसरी गऊ," ती म्हणाली आणि भाकरी उलटली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. मी तेव्हापासून विचार करतोय, पाणपोईचा माठसुद्धा हिनंच रिकामा करवला नसेल ना? शक्य नाही. पण तरी.

लग्नाच्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. ती नवं लुगडं नेसून मोटारसायकलवर मागं बसली. मी पिशवी चाचपली. म्हटलं, बाटली?

"आते कशाले?" ती म्हणाली.